फवारणी ड्रोनच्या बॅटरीची वायर किती जाड असावी? लहान रेसिंग ड्रोनचा नियम इथे का चालत नाही

ड्रोन उतरल्यावर बॅटरी काढताना प्लग हाताला चटका देतो का? वायरचे आवरण प्लगजवळ कडक किंवा तपकिरी झाले आहे का? भरलेल्या टाकीने उडताना लो बॅटरीचा इशारा लवकर येतो आणि टाकी रिकामी होत आली की तो थांबतो का? यापैकी काहीही दिसत असेल, तर बॅटरीला दोष देण्यापूर्वी वायर आणि प्लग तपासा.

गावातील बरेच तरुण ड्रोन उडवायला आणि दुरुस्त करायला लहान रेसिंग ड्रोनवर शिकतात. त्या ड्रोनला १२ किंवा १४ गेजची वायर पुरते. तीच सवय फवारणी ड्रोनच्या दुरुस्तीत आली की गडबड होते. वायर दिसायला जाड असते, ड्रोन उडतोही, पण चार-पाच फेऱ्यांनंतर प्लग वितळायला लागतो. उभ्या पिकावर दहा लिटर औषध घेऊन चाललेल्या ड्रोनचा वीजपुरवठा तुटला, तर ड्रोन, बॅटरी आणि पीक तिन्हींचे नुकसान होते. खाली माणूस असेल तर जिवावर बेतू शकते.

## थोडक्यात

- वायरची जाडी तीन गोष्टींवर ठरते: प्रवाह किती, तो किती वेळ सतत वाहतो आणि वायर किती लांब आहे.
- ड्रोनची वायर आखूड आणि प्रवाह मोठा असतो. तिथे उष्णता पाहून जाडी ठरवावी.
- ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून पंप चालवताना वायर लांब आणि दाब कमी असतो. तिथे व्होल्टेजची घट पाहून जाडी ठरवावी.
- रेसिंग ड्रोनमध्ये मोठा प्रवाह काही सेकंदच वाहतो. फवारणी ड्रोनमध्ये तो मिनिटानुमिनिटे वाहतो.
- वायर बदलताना मूळ जाडीपेक्षा बारीक वायर कधीही लावू नये.

## जाडीचे आकडे कसे वाचावेत?

घरच्या वायरिंगची वायर आपण चौरस मिलिमीटरमध्ये (चौ.मिमी) मागतो: दीडची, अडीचची, चारची. हा आकडा आतल्या तांब्याच्या क्षेत्रफळाचा असतो. आकडा जितका मोठा, तितकी वायर जाड.

ड्रोनची सिलिकॉन वायर मात्र अमेरिकन गेजमध्ये, म्हणजे एडब्ल्यूजीमध्ये मिळते. इथे हिशोब उलटा आहे. आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. तीन आकडे खाली आलो की तांबे साधारण दुप्पट होते.

| गेज (एडब्ल्यूजी) | तांब्याचे क्षेत्रफळ (चौ.मिमी) | एका मीटरचा रोध (मिलिओहम) |
|---|---|---|
| १८ | ०.८२ | २१ |
| १६ | १.३१ | १३.२ |
| १४ | २.०८ | ८.३ |
| १२ | ३.३१ | ५.२ |
| १० | ५.२६ | ३.३ |
| ८ | ८.३७ | २.१ |
| ६ | १३.३ | १.३ |

एक घोटाळा टाळा. मोटार रिवायंडिंग करणारे कारागीर जो गेज सांगतात तो बहुधा ब्रिटिश, म्हणजे एसडब्ल्यूजी असतो. १२ एसडब्ल्यूजी तार ५.४८ चौ.मिमी भरते, तर १२ एडब्ल्यूजी फक्त ३.३१ चौ.मिमी. नुसते 'बारा गेज' न म्हणता चौ.मिमीमध्ये बोलावे, म्हणजे फसगत होत नाही.

## तुमच्या ड्रोनचा प्रवाह किती? घरच्या घरी हिशोब

माहितीपत्रक हाताशी नसले तरी बॅटरी आणि घड्याळावरून सरासरी प्रवाह काढता येतो:

सरासरी अँपिअर = वापरलेले अँपिअर-तास × ६० ÷ उड्डाणाची मिनिटे

समजा १० लिटरच्या ड्रोनला १२एस (४४.४ व्होल्ट), १६,००० एमएएच म्हणजे १६ अँपिअर-तासांची बॅटरी आहे. एका फेरीत तिचा ८० टक्के भाग, म्हणजे १२.८ अँपिअर-तास वापरले आणि फेरी ११ मिनिटांची झाली.

१२.८ × ६० ÷ ११ = सुमारे ७० अँपिअर

पण ही सरासरी आहे. टाकी भरलेली असताना ड्रोन जड असतो, त्यामुळे उड्डाणाच्या सुरुवातीला प्रवाह सरासरीच्या सव्वा ते दीडपट असतो. वायर निवडताना हाच आकडा धरावा. आपल्या उदाहरणात तो ९० अँपिअर धरू. रिमोटच्या स्क्रीनवर प्रवाह दिसत असेल, तर भरलेल्या टाकीने ड्रोन हवेत स्थिर असतानाचा आकडा टिपून घ्यावा. तो सर्वांत खात्रीचा.

बॅटरी कमी व्होल्टची असेल तर तेवढ्याच कामाला जास्त अँपिअर लागतात. ४४ व्होल्टवर ९० अँपिअर घेणारे काम २२ व्होल्टवर करायचे तर १८० अँपिअर लागतील. प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरमधील उष्णता चौपट होते. मोठ्या ड्रोनना १२एस किंवा १४एस बॅटरी असते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

दोन ६एस बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून १२एस केले असेल, तर प्रत्येक बॅटरीच्या वायरमधून पूर्ण प्रवाह जातो. दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील तर प्रवाह वाटला जातो. तरीही प्रत्येक वायर पूर्ण प्रवाहाची घ्यावी. एक प्लग सैल झाला की सगळा भार दुसऱ्यावर येतो.

## रेसिंग ड्रोनला १२ गेज का पुरते?

पाच इंची पंख्यांचा रेसिंग ड्रोन बॅटरीसह साधारण ६०० ते ७०० ग्रॅमचा असतो. त्याला ४एस किंवा ६एस, १३०० ते १५०० एमएएचची बॅटरी, एक्सटी-६० प्लग आणि १२ किंवा १४ गेजची वायर असते. त्याहून लहान, तीन इंची ड्रोनला एक्सटी-३० प्लग आणि १६ किंवा १८ गेजची वायर चालते.

वरचेच सूत्र लावा. १३०० एमएएच बॅटरीचे ८० टक्के चार मिनिटांत संपले, तर सरासरी प्रवाह १६ अँपिअरच्या आत येतो. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर तो १०० अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो, पण एक-दोन सेकंदच. जाणारी-येणारी मिळून २० सेंमी वायर धरली तर त्यात सुमारे ६ ग्रॅम तांबे असते. १०० अँपिअर दोन सेकंद वाहिले तर ते ९ अंशांच्या आसपास तापते. पुढच्या वळणावर थ्रॉटल कमी होतो आणि वारा वायर थंड करतो.

इथे वजनही महत्त्वाचे असते. तीच २० सेंमी वायर ८ गेजची घेतली तर तांब्याचे वजन १५ ग्रॅम होते. साडेसहाशे ग्रॅमच्या शर्यतीच्या ड्रोनला हे जास्तीचे ९ ग्रॅम आणि ताठ वायर दोन्ही नकोसे असतात. म्हणून तिथे १२ गेज हीच योग्य निवड.

## फवारणी ड्रोनमध्ये तीच वायर का जळते?

१० लिटर टाकीचे बरेच ड्रोन भरलेल्या टाकीसह २५ किलोच्या आत बसवलेले असतात. त्यांच्या मोटारी उड्डाणभर भार ओढत असतात. बॅटरीची वायर एका बाजूने ३० सेंमी, म्हणजे जाऊन-येऊन ६० सेंमी धरू. प्रवाह ९० अँपिअर.

उष्णतेचे सूत्र: वॅट = अँपिअर × अँपिअर × रोध

| गेज | ६० सेंमीमध्ये उष्णता (वॅट) | व्होल्टेजची घट |
|---|---|---|
| १४ | ४० | ०.४५ |
| १२ | २५ | ०.२८ |
| १० | १६ | ०.१८ |
| ८ | १० | ०.११ |

व्होल्टेजची घट पाहिली तर १२ गेजचीही चिंता वाटणार नाही. ४४ व्होल्टमध्ये पाव व्होल्ट म्हणजे काहीच नाही. पण २५ वॅट म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लहान सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता. ती तुमच्या वायरमध्ये सलग दहा मिनिटे तयार होत असते.

हवेने थंड होणे बाजूला ठेवले, तर १२ गेजमधील तांबे अशा प्रवाहात दर सेकंदाला साडेतीन अंशांहून थोडे अधिक तापते. ८ गेजमध्ये तापण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ०.६ अंश असतो, कारण उष्णता कमी आणि तांबे जास्त. प्रत्यक्षात पंख्यांच्या वाऱ्याने वायर थंड होते, पण बॅटरीच्या कप्प्यात किंवा फ्रेमच्या नळीत दबलेल्या भागाला तो वारा मिळत नाही. शिवाय तांबे ६० अंशांनी तापले की त्याचा रोध साधारण पावपट वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात सुरुवातच ४० अंशांवरून होते.

वजनाची अडचण इथे नाही. ६० सेंमी वायर १२ ऐवजी ८ गेजची घेतली, तर तांबे २७ ग्रॅमने वाढते. टाकीत अर्धा कप पाणी कमी-जास्त झाले तरी यापेक्षा जास्त फरक पडतो.

ठोकताळा: आखूड, मोकळ्या हवेतील सिलिकॉन वायरसाठी सतत वाहणाऱ्या प्रवाहाला १० अँपिअरमागे १ चौ.मिमी तांबे धरावे. ९० अँपिअरला ९ चौ.मिमी येते, म्हणजे ८ गेज ही किमान पायरी. वायर बंद नळीतून जात असेल किंवा तुमचा आकडा १०० अँपिअरच्या पुढे असेल, तर ६ गेजचा विचार करावा. उत्पादकाने याहून जाड वायर दिली असेल तर तीच प्रमाण मानावी.

## ट्रॅक्टरवरून पंप चालवताना हिशोब बदलतो

ड्रोनची टाकी भरायला अनेक जण ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर लहान डीसी पंप चालवतात. पंप १० अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ५ मीटरवर आहे असे समजा. जाऊन-येऊन वायर १० मीटर झाली.

व्होल्टेजची घट = ०.०१७५ × एकूण लांबी (मीटर) × अँपिअर ÷ चौ.मिमी

- दीडची वायर: १.१७ व्होल्ट घट, म्हणजे १२ व्होल्टच्या जवळपास १० टक्के
- अडीचची वायर: ०.७ व्होल्ट
- चारची वायर: ०.४४ व्होल्ट
- सहाची वायर: ०.२९ व्होल्ट

इथे दीडची वायर हाताला गरमही लागणार नाही, कारण सुमारे १२ वॅट उष्णता १० मीटरमध्ये पसरते. तरीही पंप मंद चालेल आणि आपण पंपाला दोष देऊ. घट ३ ते ४ टक्क्यांत ठेवायची असेल तर चारची वायर घ्यावी. बॅटरीच्या टोकाजवळ १५ अँपिअरचा फ्यूज लावायला विसरू नये.

पाठीवरच्या १२ व्होल्ट बॅटरी पंपालाही हाच नियम लागू आहे. वायर तुटली म्हणून दिव्याच्या बारीक वायरचा लांब तुकडा जोडला, तर पंपाचा दाब कमी होतो, थेंब मोठे पडतात आणि फवारणी एकसारखी होत नाही.

## वायर जाड, पण प्लग अपुरा

बॅटरीच्या मार्गात सर्वांत कमकुवत जागा बहुधा प्लगची असते. एक्सटी-६० आणि एक्सटी-९० या नावांतील आकडा थोड्या वेळासाठीच्या कमाल प्रवाहाचा आहे. सतत प्रवाहासाठी त्याच्या साधारण निम्माच धरावा. म्हणून ९० अँपिअर सतत घेणाऱ्या ड्रोनला एक्सटी-९० तोकडा पडतो. तिथे एएस-१५० सारखा मोठा, ठिणगी न पडू देणारा प्लग असतो.

फवारणीचे तुषार, ताम्रयुक्त बुरशीनाशके आणि विद्राव्य खते प्लगच्या पिनांवर बसतात. ओलाव्यात त्यांचा थर तयार होतो आणि जोडाचा रोध वाढतो. ९० अँपिअरला फक्त १ मिलिओहम रोध वाढला तरी त्या एका जागी ८ वॅट उष्णता तयार होते. कोकणातील दमट, खाऱ्या हवेत पिना लवकर खराब होतात.

## वायर खरेदी करताना

- आवरणावर जाऊ नका. जाड आवरणात बारीक तांबे असू शकते. टोक सोलून पाहा.
- तारा मोजण्याचे सूत्र: तारांची संख्या × एका तारेचा व्यास × व्यास × ०.७८५ = चौ.मिमी. वायरवर १६५०/०.०८ असे छापले असेल, तर १६५० × ०.०८ × ०.०८ × ०.७८५ = ८.३ चौ.मिमी, म्हणजे खरी ८ गेज. १२ गेजवर बहुधा ६८०/०.०८ असते.
- तांबेच आहे का? एक तार ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती घेऊ नये. वरून चंदेरी आणि आतून तांबूस असेल तर ते कथिलाचा मुलामा दिलेले तांबे आहे. ते चालते.
- सिलिकॉनच हवे. चांगले सिलिकॉन आवरण २०० अंशांपर्यंत टिकते. घरच्या वायरिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते. तिच्या तारा जाड आणि ताठ असल्याने ड्रोनच्या कंपनांत त्या तुटतात.

## वायर बदलताना घ्यायची काळजी

टाइप सर्टिफिकेट मिळालेल्या ड्रोनची रचना मंजूर केलेली असते. त्यात स्वतःहून बदल करू नये. वायर किंवा प्लग खराब दिसला तर उत्पादकाच्या सेवा केंद्राकडूनच बदलून घ्यावा आणि वॉरंटी व विमा यांच्या अटी आधी पाहाव्यात. मात्र काम नीट झाले की नाही हे तुम्हाला तपासता आले पाहिजे:

1. बॅटरीच्या लाल आणि काळ्या वायरी एकाच वेळी कधीही कापू नयेत. कात्रीने दोन्ही एकत्र कापल्या की शॉर्ट होऊन लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. एक वायर कापून, जोडून, झाकल्यावरच दुसरीला हात लावावा.
2. ८ गेजच्या वायरला २५ वॅटचे आयर्न पुरत नाही. ६० ते १०० वॅटचे आयर्न लागते. सोल्डर तारांमध्ये मुरलेले आणि चकचकीत दिसावे. वर गोळा झालेला खडबडीत जोड कच्चा समजावा.
3. बॅटरी आणि ईएससी यांमधील वायर सोयीसाठी लांब करू नये. लांबी वाढली की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीवरील कपॅसिटर खराब होतात.
4. मधे जोड देऊन वायर वाढवू नये. अखंड तुकडा वापरावा.
5. बॅलन्स प्लगच्या बारीक वायरी पाहून घाबरू नये. त्यांतून उड्डाणाचा मुख्य प्रवाह जात नाही, म्हणून त्या बारीकच असतात.

## हंगामात करायची तपासणी

प्रत्येक फेरीनंतर: बॅटरी काढताना प्लग आणि वायर चाचपून पाहा. पाच सेकंद बोट ठेवता येत नसेल, तर तापमान ६० अंशांच्या आसपास किंवा पुढे गेले आहे. पुढची फेरी थांबवा.

दररोज: पिना कोरड्या कापडाने पुसा. हिरवट किंवा काळा थर, सैल बसणारा प्लग, वाकलेली पिन दिसते का ते पाहा. धुताना प्लगवर पाण्याचा फवारा मारू नये.

काय दिसले तर काय समजावे:

- पूर्ण वायर सारखी गरम: वायर बारीक आहे किंवा प्रवाह वाढला आहे. पंखे आणि मोटारीही तपासा.
- फक्त प्लग गरम: पिना सैल किंवा खराब, अथवा सोल्डरचा जोड कच्चा.
- दोन प्लगांपैकी एकच गरम: त्या प्लगमध्ये दोष. पॅरलल बॅटऱ्या असतील तर थंड राहिलेल्या प्लगमधून पुरेसा प्रवाह जात नसण्याचीही शक्यता आहे. दोन्ही तपासा.
- वायर आणि प्लग थंड, तरी व्होल्टेज झटकन पडते: आता बॅटरीकडे बघा. तिचा अंतर्गत रोध वाढला असेल.

## विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात ड्रोनचे प्रात्यक्षिक घेताना उड्डाणाबरोबर दोन मिनिटे या तपासणीला द्यावीत. बचत गटांच्या ड्रोन दीदी आणि भाड्याने ड्रोन देणारे तरुण हंगामात दिवसभर फेऱ्या मारतात. प्रत्येक ड्रोनसाठी एका वहीत तीन आकडे लिहायला सांगावेत: फेरीची मिनिटे, बॅटरीत परत भरलेले एमएएच आणि उतरल्यानंतर प्लग गरम की थंड. मिनिटे आणि एमएएचवरून सरासरी प्रवाह निघतो. औषधाचे प्रमाण तेच असताना प्रवाह वाढत गेला किंवा प्लगची नोंद 'थंड'वरून 'गरम' झाली, तर बिघाड शेतात होण्याआधी वहीत दिसतो.

वायरची जाडी ठरवताना 'दुसऱ्याच्या ड्रोनला कोणती आहे?' असे विचारू नका. आपल्या ड्रोनला भरलेल्या टाकीने किती अँपिअर लागतात आणि किती मिनिटे लागतात, ते आधी मोजा. रेसिंग ड्रोनसाठी १२ गेज बरोबर आहे आणि १० लिटरच्या ड्रोनसाठी ८ गेज. दोन्ही उत्तरे एकाच हिशोबातून निघतात.